कंट्रोलताईचं रक्त

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, रक्त तपासायची प्रयोगशाळा होती. तिथे बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईंना सगळे कंट्रोलताई म्हणायचे. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंचा स्वतःवर फार ताबा असणार. ताबा कसला, तोंडावरसुद्धा नव्हता. नाव पडलं होतं ते त्यांच्या रक्तावरून.

कुठलीही तपासणी करताना शेजारी एक रक्त असं लागतं की जे निरोगी आहे याची खात्री आहे. त्यालाच कंट्रोल म्हणतात. त्याच्याशी ताडून बाकीच्यांचं ठरवायचं. कंपनी औषधांच्या खोक्यात त्यासाठी एक छोटी बाटली देते. पण ती बाटली आमच्या बाईंना कधी पटली नाही. कुठल्या कोण माणसाचं रक्त, कोणी पाहिलंय! त्या महिन्यातून एकदा स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायच्या, स्वतःच सुई टोचून घ्यायच्या आणि त्यातलं वरचं पिवळसर पाणी छोट्या नळीत भरून फ्रिजमध्ये ठेवायच्या. महिनाभर साऱ्या गावाचं रक्त बाईंच्या रक्ताशी ताडलं जायचं. "माझं रक्त म्हणजे कोरा कागद," असं त्या शिकाऊ मुलींना सांगायच्या, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

मंगळवार आणि शुक्रवार हे उपदंशाच्या चाचणीचे दिवस. उपदंश म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत गरमी. तो ज्या जंतूमुळे होतो तो मोठा देखणा, असं ताईंचं मत होतं. काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो, पांढराशुभ्र, बारीक, स्क्रूसारखे पीळ असलेला, स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे सरकणारा. शिकाऊ मुलींना त्या या पिळदार जंतूंची माहिती भाऊबंदकीची हकिगत सांगावी तशी सांगायच्या. एक उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो, पायाच्या जखमेतून आत शिरतो आणि माणसाला पिवळा करून सोडतो. एक गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि सांधे धरतो. एक पोटातल्या आम्लात सुखाने संसार थाटतो आणि अल्सर करतो. "आणि हा चौथा," त्या म्हणायच्या, "हा संसार मोडतो."

पण रोजच्या चाचणीत जंतू दिसत नाही. दिसते ती फक्त शरीराने दिलेली साक्ष. पांढऱ्या कार्डावर दहा वर्तुळं छापलेली असतात. प्रत्येकात एकेकाच्या रक्ताचा थेंब, वर कोळशाच्या भुकटीचं औषध, आणि मग ते कार्ड आठ मिनिटं एका गोल फिरणाऱ्या यंत्रावर. रक्त स्वच्छ असेल तर थेंब एकसारखा करडा राहतो. नसेल तर कपाच्या तळाशी चहाची पावडर जमते तसे काळे कण जमतात. पहिल्या वर्तुळात नेहमी कंट्रोल, दुसऱ्यापासून माणसं.

आणि ही साक्ष खोटीही असू शकते. ताप येऊन गेलेला असला, सांध्यांचं दुखणं असलं, बाई गरोदर असली, तरी कण जमतात. म्हणून कण जमले की तीच चाचणी पुन्हा करायची, मग दुसरी, पक्की चाचणी करायला नमुना वर पाठवायचा, आणि तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही असा नियम होता. बाहेरच्या बाकावर बसून रडणाऱ्या किती बायकांना ताईंनी हे समजावलं होतं याची गणती नाही. "अहो बाई, डोकं शांत ठेवा. कण जमले म्हणजे नवरा बाहेरख्याली ठरत नाही. घरी जाऊन आकांडतांडव करू नका." बायका डोळे पुसून घरी जायच्या. ताई आत येऊन म्हणायच्या, "किती हलक्या कानाच्या असतात बायका!"

आता ताईंच्या नवऱ्याबद्दल. तो बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. अबोल माणूस. घरात त्याचं बोलणं म्हणजे "पंखा लाव," "पंखा बंद कर" आणि "किल्ली कुठेय." ताईंची याबद्दल तक्रार नव्हती. हा घुम्याच आहे, सगळ्यांशीच असा, अशी त्यांनी मनाची समजूत घालून घेतली होती, आणि त्या समजुतीवर संसार नीट चालला होता.

मग सहा महिन्यांपूर्वी दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायच्या कामावर एक बाई आली. पस्तिशीची, आखूड केसांची. एके दिवशी नवरा डबा विसरला म्हणून ताई तो द्यायला गेल्या आणि दुकानाच्या काचेबाहेरच थांबल्या. आत ती डोळेवाली काहीतरी सांगत होती आणि नवरा हसत होता. हसणं म्हणजे नुसतं ओठ हलवणं नव्हे. टेबलाला धरून, वाकून, चष्मा काढून डोळे पुसत हसत होता. ताईंनी हे हसू शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना. त्या डबा घेऊन तशाच परत आल्या. नवरा त्या दिवशी बाहेर जेवला आणि डब्याचं काय झालं हे त्याने विचारलंही नाही.

त्या दिवसापासून ताईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. नवऱ्याने मिशी कातरून नीट केली, ताईंच्या डोळ्यात खुपलं. निळा शर्ट घेतला, खुपलं. "त्या म्हणत होत्या, मुलांच्या डोळ्यांना हिरवळ चांगली," असं तो जेवताना म्हणाला तेव्हा तर ताईंनी घास ताटात परत ठेवला. लग्न झाल्यापासून जेवताना याने एकही वाक्य पुरं केलं नव्हतं, आणि आज केलं ते तिचं! ताई स्वतःच्याच जिवाला खात होत्या. मत्सर आहे हे त्यांना कळत होतं, आणि कळून काही फरक पडत नव्हता.

त्यातच बाजारातल्या दुकानदारांनी रक्तदानाचा कार्यक्रम ठेवला. नवऱ्यानेही रक्त दिलं. "तूच तपासणार ना?" त्याने घरी आल्यावर विचारलं. "नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो," ताई म्हणाल्या. पण शर्ट धुवायला टाकताना खिशातलं कार्ड त्यांनी पाहिलं. सतरा नंबर.

मंगळवारी सकाळी चोवीस नळ्या आल्या. ताईंनी त्याच दिवशी सकाळी स्वतःचंही ताजं रक्त काढलं होतं, जुनं संपलं होतं म्हणून. हाताची बोटं दुखत होती, सुई धरताना कळ येत होती. पंधरा दिवसांपूर्वी ताप येऊन गेला होता, त्याचाच अशक्तपणा असेल असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. त्यांचं सगळं लक्ष सतराव्या नळीकडे होतं. एक ते सोळा आधी लावून मग सतरा लावायची, हा क्रम. पण तेवढा दम कोणाला? ताईंनी सतरावी नळी आधीच उचलली आणि त्यातला थेंब पहिल्याच वर्तुळात टाकला. टाकल्यावर कंट्रोलची आठवण झाली, तेव्हा स्वतःचा थेंब दुसऱ्या वर्तुळात टाकला. पुढच्या आठांत एक ते आठ नंबर. वर औषध टाकलं, कार्ड यंत्रावर ठेवलं, बटण दाबलं.

ती आठ मिनिटं ताई यंत्रासमोर उभ्या होत्या आणि डोक्यात मात्र चष्म्याचं दुकान उघडलं होतं. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र घरघरतंय. त्या आवाजात कोण काय बोलतंय हे बाहेर कळायची सोय नाही. ती मागच्या खोलीत काय म्हणून जाते? जात असेलच. दुपारी दीड ते अडीच दुकान बंद असतं, तेव्हा दोघं कुठे असतात? आजवर हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? घंटी वाजली तेव्हा ताईंनी मनातल्या मनात तिच्या अंगावर निळा शर्टसुद्धा चढवला होता, आणि निळा शर्ट तर नवऱ्याचा होता.

त्यांनी कार्ड दिव्याखाली धरलं. पहिलं वर्तुळ एकसारखं करडं. कंट्रोल ठीक, असं त्यांच्या बावीस वर्षांच्या सवयीने मनात म्हटलं. दुसऱ्या वर्तुळात काळे कण काठाला जमले होते.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगायचं तर त्या आगीत एक समाधानही होतं. मी म्हणत होते ना! म्हणजे त्यांनी कोणाला म्हटलं नव्हतं, पण स्वतःला तरी म्हटलं होतं. चाचणी पुन्हा करायची असते हे त्या विसरल्या असं नाही. त्यांना गरजच वाटली नाही. वहीत सतरा नंबरापुढे त्यांनी 'पुन्हा तपासणे' एवढं लिहिलं, म्हणजे ती रक्ताची पिशवी कोणाला दिली जाणार नाही. कंट्रोल एकदा ठीक आलाच होता, म्हणून पुढच्या कार्डांवर तो न टाकताच बाकीच्यांचं काम उरकलं आणि हात धुऊन त्या घरी गेल्या.

संध्याकाळी नवरा गुणगुणत आला. ताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. हे तोंड, ही मिशी, आणि हा माणूस!

"काय गं, बरं नाही का?" त्याने विचारलं.

"मला काय धाड भरलीये? तुमच्या दुकानातल्या त्या डोळेवाल्या बाई कशा आहेत?"

"मजेत आहेत. पुढच्या महिन्यात लग्न आहे त्यांचं. तो गाडी चालवायला शिकवतो, तो मुलगा. मी म्हटलं, दोघांच्या चष्म्याच्या काचा माझ्याकडून भेट."

हे ऐकून दुसऱ्या कुठल्याही बाईच्या जिवात जीव आला असता. ताईंचा तिळपापड झाला. लग्न ठरलेलं असून ही थेरं! आणि वर हा भेट देतोय, काचा घासून! त्या गरीब ड्रायव्हरला काय माहीत आपल्या ताटात काय वाढून ठेवलंय. त्याला कोणीतरी सांगायला हवं, असं ताईंना वाटलं. मत्सराला एकदा परोपकाराचा सदरा चढवला की तो कुठेही बिनदिक्कत जातो, तसा तो दुसऱ्या दिवशी दुपारी चष्म्याच्या दुकानात गेला.

या आजारासाठी हॉस्पिटलात गुलाबी चिठ्ठ्यांचं एक पुस्तक असतं. ज्याचा आजार पक्का ठरतो त्याला विचारून, तो ज्यांची नावं देईल त्यांना ती चिठ्ठी जाते. वर छापलेलं असतं, 'आपल्या निकट संपर्कातील एका व्यक्तीला उपदंश असल्याचे आढळले आहे. आपण विनाविलंब तपासणी करून घ्यावी.' कोणाचंही नाव त्यावर नसतं. ताईंनी पुस्तकातली एक चिठ्ठी फाडली, त्यावर शिक्का मारला आणि घडी घालून पर्समध्ये टाकली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीतून यंत्राची घरघर येत होती. डोळेवाली फडक्याने काच पुसत होती. ताईंना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"या ना. नंबर काढायचाय?"

"हॉस्पिटलमधून आलेय. हे तुमच्यासाठी."

तिने चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि ताईंनी तो पडताना डोळे भरून पाहिला.

"माझं नाव कोणी दिलं?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

त्या आठवड्यात ताईंनी पाळलेला तो एकच नियम.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर ती बसली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक पुरुष बसला होता, आणि दोघांच्या मध्ये तिसरं कोणी नसताना तीन माणसांची जागा रिकामी होती. ताईंनी आधी ओळखलं नाही. मग त्याने कागद पुढे केला तेव्हा लक्षात आलं, हा तो गाडी शिकवणारा. त्याचे डोळे लाल होते.

"माझंही तपासा," तो म्हणाला. "हिचा माझ्यावर विश्वास नाही. दोन दिवस फोन तपासतेय. माझ्या जुन्या मैत्रिणीच्या घरी जाऊन आली."

"मग चिठ्ठी काय आकाशातून पडली?" ती बाकाच्या त्या टोकाकडून म्हणाली. "मी आजवर तुझ्याशिवाय कोणाला ओळखत नाही. मग मला कोणाकडून येणार?"

ताईंच्या हातातला पट्टा तिथेच राहिला. त्यांना अपेक्षा होती की डोळेवाली गुपचूप येईल, खाली मान घालून, ताईंच्या नवऱ्याचं नाव लपवत. हिच्या मनात ताईंचा नवरा आलाही नव्हता. चिठ्ठी वाचल्यावर हिच्या डोळ्यांसमोर एकच पुरुष उभा राहिला आणि तो हा होता.

नाटक करतेय, ताईंनी मनाशी म्हटलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यांनी दोघांचं रक्त घेतलं. डोळेवालीने सुई टोचताना तोंड फिरवलं नाही. हळू आवाजात तिने विचारलं, "ज्याने नाव दिलं तो हाच का, एवढं तरी सांगा हो. मी कोणाला सांगणार नाही."

ताईंनी आत जाऊन कार्ड काढलं. या वेळी सगळं रीतीने. पहिल्या वर्तुळात स्वतःचं रक्त, दुसऱ्यात तिचं, तिसऱ्यात त्याचं. आठ मिनिटं त्या स्टुलावर बसून राहिल्या.

दुसरं वर्तुळ स्वच्छ होतं. तिसरं स्वच्छ होतं. पहिल्या वर्तुळात काळे कण जमले होते.

कंट्रोलच बिघडला म्हणजे सगळी चाचणी रद्द. औषध नासलं असेल, असं म्हणून ताईंनी नवं खोकं फोडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कंपनीची ती छोटी बाटली उघडली. पहिल्या वर्तुळात बाटलीतलं, दुसऱ्यात तिचं, तिसऱ्यात त्याचं, चौथ्यात स्वतःचं. पुन्हा आठ मिनिटं. बाटलीतलं रक्त स्वच्छ होतं. त्या दोघांचं स्वच्छ होतं. ताईंच्या रक्तात कण होते, आणि ते नीट दिसावेत म्हणून कार्ड तिरपं धरायचीही गरज नव्हती.

मग त्यांना मंगळवार आठवला. सतरा नंबर आधी उचलला होता. पहिल्या वर्तुळात टाकला होता. मग कंट्रोल. हात फ्रिजकडे गेला आणि त्यांनी सतरावी नळी काढून तपासली. घंटी वाजेपर्यंत त्या देवाचं नावही घेऊ शकल्या नाहीत. नवऱ्याचं रक्त स्वच्छ होतं. मंगळवारीही स्वच्छच होतं. दुसऱ्या वर्तुळात त्यांनी पाहिले ते कण त्यांचे स्वतःचे होते.

आणि तरी पहिला विचार आला तो हाच, की हे शक्य नाही, मी तसली बाई नाही. हे वाक्य त्यांनी बाकावरच्या किती बायकांच्या तोंडून ऐकलं होतं! ताप येऊन गेलाय, बोटं दुखतायत, सांध्यांच्या दुखण्यात कण जमतात. स्वतःसाठी त्यांना सगळी कारणं एका दमात सुचली. नवऱ्यासाठी मंगळवारी एकही सुचलं नव्हतं.

बाहेर ते दोघं बसले होते. गप्प बसायची सोय होती. दोघांचे अहवाल स्वच्छ आहेत, चिठ्ठी चुकून गेली असेल, असं सांगून दार लावून घेता आलं असतं. ताई दारापर्यंत हाच विचार करत गेल्या. पण डोळेवाली उठून उभी राहिली आणि तिने अहवालाकडे पाहिलंच नाही, त्या माणसाकडे पाहिलं. अहवाल स्वच्छ निघाला तरी चिठ्ठी कुठून आली हा प्रश्न तिच्याबरोबर घरी जाणार होता, आणि लग्नानंतरही तिथेच राहणार होता. ताईंना तो प्रश्न चांगला ठाऊक होता. सहा महिने तो त्यांच्या घरात राहत होता.

"चिठ्ठी खोटी आहे," ताई म्हणाल्या. "तुमचं नाव कोणी दिलं नाही. मी दिली. मी त्या काचा घासणाऱ्यांची बायको."

पुढचं सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. दुकानाच्या काचेतून पाहिलेलं हसू, सतरा नंबर, उलटं कार्ड, सगळं. आवाज चढला असावा, कारण प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आपल्या खोलीतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

डोळेवालीने सगळं ऐकून घेतलं. "तुमचे मिस्टर?" ती म्हणाली. "अहो, ते मला मुलगी मानतात." मग ती त्या पुरुषाकडे वळली. तो बाकावरून उठला होता, पण तिच्याजवळ आला नव्हता.

"ऐकलंस ना? खोटी होती," ती त्याला म्हणाली.

"चिठ्ठी खोटी होती," तो म्हणाला. "तू दोन दिवस मला जे जे बोललीस, ते खोटं नव्हतं."

तो निघून गेला. ती त्याच्या मागे धावली नाही. तिने पर्समधून ती गुलाबी चिठ्ठी काढली, ताईंच्या हातात दिली आणि दुसऱ्या दाराने गेली. शिव्या दिल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी खोलीत बोलावलं. बावीस वर्षांत त्या ताईंना एकेरी बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. "चिठ्ठ्यांचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवा. चौकशी होईल, मी थांबवणार नाही. तोवर तुम्ही अहवालांच्या खिडकीवर. तपासणीला हात लावायचा नाही." मग त्यांनी ताईंच्या हातांकडे पाहिलं आणि बोटांचे सांधे दाबले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे कधीपासून? तुमचा नमुना पक्क्या चाचणीला पाठवते. ती चाचणी स्वच्छच येईल, मला शंका नाही. पण मग हे कण कशाने जमले ते शोधायला लागेल. सांध्यांचं काही निघालं तर ते किरकोळ नसतं, ताई. हा कागद घ्या, सोमवारी मोठ्या दवाखान्यात जा."

संध्याकाळी नवरा यायच्या आधी ताईंनी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्यावर त्यांचं नाव होतं, आणि खाली छापलेलं होतं, 'उपदंशाची प्राथमिक चाचणी : कण जमले.' तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्या वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेल्या. खाली दार उघडल्याचा आवाज आला. ताई दोरीवरचा एकेक कपडा काढत, पुन्हा घडी मोडत, पुन्हा घालत राहिल्या. तासभर झाला. आता त्याने वाचलं असेल. आता त्याच्या डोक्यात चक्रं फिरत असतील. कोण असेल? हॉस्पिटलातला कोणी? कधीपासून? फिरू देत, असं ताईंना वाटलं. सहा महिने जे मी भोगलं ते एक तास त्यालाही भोगू दे. आणि याहून खोल, स्वतःलाही कबूल न करता, त्यांना वाटत होतं की आपल्यासाठी याचा जीव एकदा तरी जळावा.

त्या खाली आल्या तेव्हा नवरा टेबलाशी बसला होता. कागद समोर होता. दुकानातला निळा शर्ट त्याने अजून बदलला नव्हता.

"डोळ्यांच्या बाई आज हॉस्पिटलातून थेट दुकानात आल्या," तो म्हणाला. "त्यांनी सगळं सांगितलं. तू काय केलंस ते." "मी उद्या त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? उद्या तू माझ्याबरोबर यायचं. त्या मुलाच्या घरी. मी एक शब्द बोलणार नाही, सगळं तूच सांगायचं. तो दार उघडेपर्यंत आपण बाहेर बसायचं."

"येते," ताई म्हणाल्या.

ताईंनी वाट पाहिली. त्याने कागद उचलला.

"डॉक्टर काय म्हणाल्या? हे दुखणं मोठं आहे का?"

"वाचलंत ना? कसली चाचणी आहे ते कळलं ना?"

"कळलं. लिहिलंच आहे की."

"मग?" ताईंना राहवेना. "विचारणार नाही का, कुठून आलं? मनात काहीच आलं नाही?"

"आलं तर. गेले पंधरा दिवस तुला बरणीचं झाकण उघडत नव्हतं, ते माझ्याकडे ढकलायचीस. मी उघडून द्यायचो आणि पुन्हा आपल्या नादात. तेव्हाच विचारायला हवं होतं, हे आलं."

"आणि माझ्याबद्दल संशय? एकदाही? तासभर होता कागद तुमच्यापुढे."

नवऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की प्रश्न समजायलाच त्याला वेळ लागत होता.

"संशय कसला घेत बसू? मी घाबरलो होतो."

ज्या माणसाचा एकेक शब्द त्या सहा महिने तोलून पाहत होत्या, त्याच माणसाचा ताईंना त्या घडीला इतका हेवा वाटला, की रडूही आलं नाही.

"बोटं दाखव," तो म्हणाला.

ताईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.